राउंडला सिस्टरला आधी बोलू द्या

महोदय,

१५ ते २१ नोव्हेंबरचा राष्ट्रीय नवजात शिशु सप्ताह आला की जिल्हा रुग्णालयांत फलक लागतात, मातांसाठी मार्गदर्शन होते, बाळांना ऊब देणाऱ्या एखाद्या नव्या वॉर्मरची फीत कापली जाते. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला आग लागून १० बाळे दगावली, तेव्हापासून वायरिंग आणि अग्निशमनाच्या तपासणीचा विषयही निघतो. तो निघालाच पाहिजे. पण त्या कक्षातली माणसे एकमेकांशी कशी वागतात, याची तपासणी कोणी करत नाही. माझी बहुतेक नोकरी नवजात कक्षात गेली, आधी अधिपरिचारिका आणि मग परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख सिस्टर म्हणून. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

अकराशे ग्रॅमचे बाळ बिघडू लागले तर ते रडून सांगत नाही. दूध पचेनासे होते, नळीतून हिरवट येते, पोट किंचित तटतटते, एरवी हात लावताच आखडून घेणारा पाय ढिला पडून राहतो. मॉनिटरवरचे आकडे तेव्हा ठीकच असतात. हे सगळ्यांत आधी दिसते ते दर दोन तासांनी त्याला दूध देणाऱ्या सिस्टरला. एका रात्री आमच्याकडे असेच झाले. ड्यूटीवरची मुलगी नवी, कंत्राटी. पण नजर चांगली. बाराच्या फीडला तिला पोट वेगळे वाटले. आदल्याच दिवशी राउंडला, बाळांच्या आयांसमोर, ‘तुला डॉक्टर व्हायचंय का?’ असे तिला ऐकवले गेले होते. तिने डॉक्टरांना उठवले नाही. ‘पोट थोडे फुगल्यासारखे’ एवढीच नोंद केली. सकाळी एक्स-रे निघाला तोवर आतड्याचा दाह बराच वाढला होता आणि बाळाला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात हलवावे लागले. बाळ वाचले. ठपका त्या मुलीवर आला. तिला बोलणाऱ्याला कोणी काही विचारले नाही.

इस्रायलमध्ये नेमका याचा प्रयोग झाला आहे, २०१५ मध्ये तो प्रसिद्धही झाला. नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांना आतड्याच्या दाहाने खालावत जाणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा सराव-प्रसंग दिला. काही पथकांना एका परदेशी तज्ज्ञाकडून दोन-चार खोचक वाक्ये ऐकवली, बाकीच्यांशी साधे बोलणे झाले. टोमणे ऐकलेल्यांचे निदानही घसरले आणि हातातले कामही. एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे, दोन्ही कमी झाले होते. तिथे ना शिवी होती, ना आरडाओरडा. आपल्याकडे राउंडला याहून कितीतरी जास्त चालते, आणि वर ‘सर कडक आहेत’ म्हणून कौतुक होते.

पुढे आमच्याकडे ज्या बालरोगतज्ज्ञ मॅडम आल्या, त्यांनी एक पैसा खर्च न करता कक्ष बदलला. प्रत्येक वॉर्मरपाशी आधी सिस्टर बोलणार: वजन, फीड, शी-शू, आणि शेवटी मॅडमचा ठरलेला प्रश्न, ‘तुम्हाला बाळ आज कसं वाटतंय?’ मग डॉक्टरांनी बोलायचे. ड्यूटी बदलताना चार्ज बाळाजवळ उभे राहूनच द्यायचा आणि तेवढ्या वेळात सिस्टरला कुठल्याही कामाला पिटाळायचे नाही. कोणाला रागवायचे असेल तर ते आतल्या खोलीत. दारावरच्या मावशींनी एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनाच थांबवले, ‘साहेब, घड्याळ काढा, हात धुवा.’ साहेबांनी मुकाट्याने घड्याळ काढले, कारण मॅडम मावशींच्या शेजारी उभ्या होत्या. रात्री-अपरात्री फोन वाढले, हे खरे. त्यातले बरेच विनाकारण ठरले तरी मॅडमनी एकाही मुलीला त्यावरून बोलल्याचे मला आठवत नाही.

केंद्राने २०१७ मध्ये आईवडिलांना बाळाच्या शुश्रूषेत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. चांगलेच झाले. मग बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी धरून बसलेल्या आईसमोर सिस्टरचा पाणउतारा झाला, तर ती आई त्याच सिस्टरला काही विचारायला धजावेल का?

माणसेच कमी आहेत, हेही खरेच. रात्री एकीच्या वाट्याला आठ-दहा बाळे आली की गोड बोलणेही पुरे पडत नाही. त्यात प्रशिक्षण घेऊन हात बसलेल्या सिस्टरची बदली बाह्यरुग्ण विभागात होते आणि तिच्या जागी आलेली बिचारी बाळाच्या श्वासाला आधार देणारे सीपॅप यंत्र लावायला पहिल्यापासून शिकते. नवजात कक्षातल्या प्रशिक्षित परिचारिकांना निदान तीन वर्षे हलवू नये.

सार्वजनिक आरोग्य विभागाला आणखी एक विनंती. बालमृत्यूच्या आढावा बैठकीत अधिकारी असतात, डॉक्टर असतात. त्या रात्री बाळाजवळ असलेल्या सिस्टरचा मात्र लेखी खुलासा तेवढा मागवला जातो. तिलाही त्या बैठकीत खुर्ची द्या आणि पहिले तिचे ऐकून घ्या.

– एक निवृत्त परिसेविका, सांगली जिल्हा