एन्डोस्कोपीआधी हो म्हणू नकोस

कराड, रविवार

चि. स्मितास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, स्लीव्हच करते, त्यात आतड्याला हात लावत नाहीत." बाबा शेजारी होते आणि मला रडू येत होतं, म्हणून मी काहीच बोलले नाही. आज सगळं लिहिते.

वजन उतरवायच्या ऑपरेशनला माझा विरोध नाही, हे आधी सांगते. उंची 160 सेंटिमीटर, वजन 108 किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 42. त्यात शुगर, घोरणं आणि गुडघे. तू किती वेळा वजन उतरवलंस आणि ते किती वेळा परत आलं, हे मी पाहिलंय. तू बारावीत असताना पाहुण्यांसमोर मी तुझ्या ताटातली पोळी उचलली होती. तुझा तोंडावर ताबा नाही, असंच मी वर्षानुवर्षं धरून चालले. परवा डॉक्टर म्हणाले की वजन उतरायला लागलं की शरीर स्वतःच भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरतं, तेव्हा मला ती पोळी आठवली. चूक माझी होती, बाळा.

आता स्लीव्हचं. त्यात जठराचा जवळपास 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी निमुळती नळी उरते. भुकेचं संप्रेरक ज्या भागात जास्त तयार होतं, तोच भाग जातो, म्हणून भूक मंदावते. काढलेलं जठर मात्र परत बसवता येत नाही. दुसरं ऑपरेशन जठराच्या बायपासचं. त्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करतात आणि आतडं वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्याला वळसा घालून जातं. ऐकायला हे भीतीदायक वाटतं, मलाही वाटलं.

पण तू दोन उशा घेऊन झोपतेस. दिवाळीत इथे होतीस तेव्हा रात्री आंबट पाणी घशाशी येऊन तू दोनदा उठलीस. ही जळजळ स्लीव्हनंतर वाढू शकते, कारण त्या अरुंद नळीत दाब वाढतो. बायपासनंतर बहुतेकांची ती कमी होते. फिनलंडमध्ये 240 जणांवर दोन्ही ऑपरेशनांची तुलना झाली. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जादा वजन, म्हणजे उंचीच्या मानाने जास्तीचं होतं ते, सुमारे 43.5 टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं 52 टक्के. तुझं जादा वजन 44 किलो धरलं, तर एकीकडे 19 किलो, दुसरीकडे 23. या चार किलोंसाठी मी तुझ्याशी वाद घालणार नाही. शुगरमध्येही फार मोठा फरक दिसला नाही. पण अन्ननलिकेला सूज आलेली होती ती स्लीव्हवाल्या 31 टक्क्यांना आणि बायपासवाल्या फक्त 7 टक्क्यांना. माझा जीव अडकलाय तो या आकड्यात.

बायपासचा जाच आहेच. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. स्लीव्हनंतरही घ्याव्या लागतात, पण बायपासमध्ये हयगय अंगाशी येते. तुझं हिमोग्लोबिन आत्ताच 9.8 आहे. ते आधी वर आण, मग तारीख ठरव. बायपासनंतर गोड जास्त झालं तर छाती धडधडते, घाम फुटतो. आणि डोकं दुखलं की तू ज्या पेनकिलर घेतेस, त्यातल्या बऱ्याचशा बायपासनंतर चालत नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतो. हे डॉक्टरांना तू स्वतः सांग, ते विचारतील याची वाट पाहू नकोस.

बाळाचा विचार तुमच्या दोघांच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागेल. त्या काळात कोणी काही विचारलं, तर उत्तर मी देईन.

मामा इंजेक्शनांचं सांगत होता. त्यांनीही वजन उतरतं, पण बंद केली की बरंचसं परत येतं. तुझ्या बीएमआयला ऑपरेशनचा परिणाम मोठा असतो, असं डॉक्टरांचं मत पडलं आणि मला ते पटलं.

पहिल्या हॉस्पिटलने घशाची तक्रार न विचारताच स्लीव्हचं पॅकेज हातात ठेवलं, हे मला खटकलंय. एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका नि जठर बघतात ती तपासणी, करून घे. अन्ननलिकेला सूज किंवा हर्निया (जठराचा भाग छातीकडे सरकलेला) निघाला तर स्लीव्हचा हट्ट सोड. काही निघालं नाही, तर तू म्हणशील ते करू. त्यानंतर मी एक शब्द बोलणार नाही.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीने निघते. पहिले पंधरा दिवस पातळच घ्यायचं असतं, तेव्हा मुगाचं पाणी आणि ताकाची निवळी माझ्याकडे लागली. निखिलरावांना सांग, रजा आत्ताच टाकू नका, नंतर लागेल.

तुझी,
आई