कुस्ती मैदानातले कॅमेरे एका तालात आणा

मा. संपादक,
सांगली भागातल्या मैदानांत हल्ली तीन-चार कॅमेरे लागतात, पण चितपटीवरून वाद झाला की दोन कोनांतली दृश्ये जुळत नाहीत. एक कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर (म्हणजे २५ चित्रांवर), दुसरा ३० वर. मोबाइलचा वेग तर उजेडाप्रमाणे बदलतो. सगळे ५० फ्रेमवर ठेवा, शटर (प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि १/१०० शटर त्याच्याशी जुळते. १/६० शटरला दिव्यांचे पट्टे सरकताना दिसतात. टाइमकोड (चित्रणावर नोंदली जाणारी वेळ) फ्रेमला फक्त क्रमांक देतो, सगळ्या कॅमेऱ्यांचे सेन्सर एकाच क्षणी उघडायला जेनलॉक, म्हणजे सगळ्यांना एकच ताल देणारा सिग्नलच हवा. तो नसेल तर सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी टाळी सुरुवातीला वाजवा, म्हणजे तो क्षण धरून दृश्ये जुळवता येतील; शेवटीही वाजवा, कारण प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ किंचित वेगळे चालते, तासाभरात दोन-तीन फ्रेमचा फरक सहज पडतो. यात्रा कमिट्यांनी चित्रीकरणाचे काम देतानाच ही अट घालावी.

– एक व्हिडिओ संकलक, सांगली