बॉनेट उघडणार, म्हणजे सगळं दिसणार

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत आणि सोबतची लांबलचक यादी वाचली. पहिलंच पूर्ण धातूचं मॉडेल, आणि तेही १९६१ची जॅग्वार ई-टाइप, रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची, १:८ प्रमाणात! बाबा म्हणाले, त्याला जरा सोपी गाडी घ्यायला सांग. मी सांगणार नाही. सोपी गाडी घेतली की माणूस निम्म्यात कंटाळतो. आवडती घेतली की निदान चिडचिड करत का होईना, काम पुढे रेटतो.

यादीतलं एक वाक्य मात्र खटकलं. "प्रत्येक माप बरोबर एक-अष्टमांश घेणार." असं काही करू नकोस. बऱ्याच ठिकाणी ते जमणारच नाही, आणि जमेल तिथे गाडी उलट नकली दिसेल.

मोठी मापं गुणी असतात, त्यांच्याशी भांडण नाही. ई-टाइपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९६ इंच, म्हणजे तुझ्या मॉडेलात नेमकं १२ इंच. एवढं सरळ गणित फार कमी गाड्यांत सापडतं. लांबी साधारण ५५६ मिलिमीटर येईल. ही मापं अर्ध्या मिलिमीटरनेही चुकवू नकोस, कारण या गाडीत जे काही आहे ते त्या लांब नाकात आणि मागे सरकलेल्या कॉकपिटमध्ये आहे. माल्कम सेयर विमानांकडून मोटारींकडे आलेला माणूस; त्याने या वक्ररेषा नजरेच्या अंदाजाने नाही, गणिताने आखल्या. तिथे "जरा असं, जरा तसं" चालत नाही.

पण आता पत्रा घे. खऱ्या गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. त्याचा आठवा भाग काढलास तर बोट लागलं तरी पोचा पडेल असा पत्रा हातात येईल. तू अर्धा मिलिमीटर वापरणार आहेस, तेच बरोबर. फक्त लक्षात ठेव, तुझा अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत चार मिलिमीटर. बॉनेट उघडलं की ती कड दिसते आणि गाडी रणगाड्याची वाटायला लागते. म्हणून जिथे जिथे कड उघडी पडते, बॉनेटची, दारांची, चाकांवरच्या कमानींची, तिथे ती आतल्या बाजूने तिरकी कानसून घे. बाहेरून धार पातळ दिसली की पुरे. आत जाडी राहू दे, तीच घाट धरून ठेवते.

वजनाचंही तसंच. बाराशे किलोच्या आसपासची गाडी तिन्ही दिशांनी आठपट लहान झाली की वजन ५१२ पट उतरतं, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो. तुझा पत्रा प्रमाणाबाहेर जाड, त्यामुळे मॉडेल याहून जड होणार. आणि तू यादीत लिहिलंयस, "सस्पेन्शन चालतं करणार." कशासाठी? पुढचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या सळया, प्रमाणात बारीक केलेस तर ते एवढं वजन पेलणार नाहीत, आणि पेलतील एवढे जाड केलेस तर दिसायला चुकीचे. दोन-चार वर्षांत गाडी एका बाजूला बसेल. उंची एकदा नीट ठरव, डाख देऊन पक्की कर आणि विषय संपव. गाडी जमिनीपासून किती उंच उभी आहे हे लोकांना लगेच कळतं. ती हलते का हे कुणी दाबून बघत नाही. (बघणाऱ्याला हात लावू देऊ नकोस.)

मग काय मोजायचं आणि काय सोडायचं? माझा हिशेब सोपा आहे. आपण मॉडेल साधारण अर्ध्या मीटरवरून बघतो. १:८ मध्ये अर्धा मीटर म्हणजे खऱ्या गाडीपासून चार मीटर. चार मीटरवरून जे दिसतं ते करायचं, जे दिसत नाही ते करायचं नाही. खऱ्या गाडीचे फोटो काढायला जाशील तेव्हा थेट नाक लावून बारकावे टिपू नकोस. आधी चार मीटर मागे उभा राहा आणि तिथून चहूबाजूंनी फोटो काढ. कातड्याचे कण तिथून दिसत नाहीत. दाराच्या फटीची काळी रेघ दिसते. आऱ्यांची जाळी दिसते. क्रोमवरची पांढरी चमक तर सगळ्यात आधी दिसते.

फोटोंवरून आठवलं. तू पाठवलेल्यांत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधली निळी रोडस्टर आहे. सुंदर आहे, पण ती १९६३ची. तुझी १९६१ची. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला ही गाडी पहिल्यांदा दाखवली, आणि मागणी एवढी झाली की जॅग्वारचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस '७७ आर डब्ल्यू' नंबरची हिरवी रोडस्टर कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत तिथे घेऊन गेला. त्या सुरुवातीच्या, जवळपास ५०० गाड्यांमध्ये बॉनेटची कुलपं बाहेरच्या बाजूला आहेत, वेगळ्या किल्लीने उघडायची. पायाखालची जमीनही सपाट आहे. पुढे १९६२ मध्ये पाय ठेवायला तिथे खोलगट जागा केली. तू एकात दुसरं मिसळलंस तर जाणकार माणूस पहिल्या मिनिटात पकडेल. एकच गाडी ठरव, तिचं वर्ष ठरव, आणि बाकीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाक.

बॉडीसाठी अॅल्युमिनियम लिहिलंयस. पहिल्या वेळी नको. त्याला डाख नीट बसत नाही, आणि तापवताना ते लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना थेट वितळून खाली पडतं. जुने कारागीर त्यावर साबण घासतात आणि साबण काळा पडला की आच काढतात. तू बॉनेटसाठी तांबं घे आणि मधल्या सपाट भागासाठी पितळ. तांबं अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंत तापवायचं आणि सरळ पाण्यात बुडवायचं. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. मग लाकडी साच्यावर मोगरीने, मधून कडेकडे. ठोकता ठोकता आवाज बदलतो. सुरुवातीला भद्द, मग हळूहळू टणक, शेवटी टणटण. टणटण ऐकू आलं की हात थांबव आणि पुन्हा तापव. तसंच ठोकत राहिलास तर कडेला केसासारखी चीर जाते, आणि ती चीर बुजवण्यापेक्षा नवा पत्रा कापणं परवडतं.

आणि ते बॉनेट एकाच पत्र्यातून काढायचा हट्ट सोड. खऱ्या गाडीचंही तसं नाही. मधला भाग वेगळा, दोन बाजू वेगळ्या, आणि ते जोडलेत. तूही तीन तुकड्यांत कर. काम निम्मं सोपं होईल आणि सांधा जिथे हवा तिथेच येईल.

जोडताना क्रम पाळ. आधी चांदीचा डाख, तो सहाशे-सातशे अंशांना वितळतो. त्यानंतर कथील-शिशाचा, तो १८३च्या आसपास. उलट केलंस तर दुसरा जोड देताना पहिला सुटतो. काम झालं की फ्लक्स, म्हणजे डाख धरावा म्हणून लावलेलं रसायन, गरम पाण्याने धुऊन काढ, नाहीतर काही महिन्यांनी रंगाखालून हिरवं फुटतं. खिडकी उघडी ठेव. हे आई म्हणून सांगतेय असं समज हवं तर, पण ठेव.

आता चाकं. यादीत तू त्यांना एक ओळ दिलीस: "चाके, ४ + १." मला हसू आलं. या मॉडेलात सगळ्यात जास्त वेळ तिथे जाणार.

एका चाकाला ७२ आरे. चार चाकांचे २८८. पाचवं चाक डिकीच्या तळाखाली झाकलेलं असतं; ते करायचं का नाही ते तू ठरव, मी करणार नाही. ३६० अंशांना ७२ने भाग, पाच अंश येतात. म्हणून आधी एक जाड पितळी चकती घे, तिच्यावर पाच-पाच अंशांच्या खुणा कर आणि रिम तिच्यात घट्ट बसेल असा जिग, म्हणजे काम धरून ठेवणारा साचा, बनव. जिग चांगला झाला तर चारही चाकं सारखी होतील. तो वाकडा असेल तर चाकंही वाकडीच, पण सगळी सारख्याच तऱ्हेने वाकडी, म्हणजे जास्तच दिसणार.

आरे हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, सरळ बाहेर जात नाहीत, तिरके निघून एकमेकांना ओलांडतात. त्याला कारण आहे. इंजिनाचा आणि ब्रेकचा पीळ हबकडून रिमकडे जायचा असतो, आणि सरळ आऱ्याला पीळ पोचवता येत नाही. तुझ्या चाकाला पीळ सोसायचा नाही, पण तिरकेपणा नसला की जाळी मेलेली दिसते. खरे आरे ताणलेले असतात, म्हणून ते सरळ असतात. तुझी अर्ध्या मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तारही ओढून ताणल्याशिवाय सरळ राहणार नाही. रिमच्या भोकातून ओढ, चिमट्याने धर, मग डाख. एक आरा इकडचा, पुढचा बरोबर समोरचा. एका बाजूने लावत गेलास तर रिम तिकडे ओढली जाते आणि चाक डुगडुगतं. स्टेनलेसला आम्लाचा फ्लक्स लागतो, तो तर दोनदा धू.

क्रोमची चाकं ही जादा पैशांची निवड होती, साधी गाडी चंदेरी रंगवलेल्या चाकांवर यायची. तू रंगवलेली कर. क्रोम प्रत्येक खरवड दाखवतं. रंग आऱ्यांच्या बुडाशी राहिलेला डाख थोडा तरी पोटात घेतो. अगदी पातळ हात दे, नाहीतर आरे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे थेंब साचतात.

मधल्या कानवाल्या नटाचे आटे डावीकडच्या चाकांना उजवे आणि उजवीकडच्यांना डावे असतात, चाक फिरताना नट आपोआप आवळला जावा म्हणून. एवढ्या बारीक मापात डावे आटे पाडायच्या भानगडीत पडू नकोस, ते कुणालाच दिसत नाहीत. पण नटावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते बघ. तो दिसतो.

इंजिनाबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. ही गाडी मी तुला करू दिली त्यात बॉनेटचा वाटा मोठा. ते अख्खं पुढे उलटतं आणि ३.८ लिटरचं इंजिन, चौकोनी नळ्यांची चौकट, स्टिअरिंग, सगळं एकदम उघडं पडतं. मागच्या बाजूचं सोड. डिफरन्शियलला चिकटलेले ब्रेक कुणी गाडी उलटी करून बघत नाही, तिथे नुसता आकार दे. पुढे मात्र काहीच सोडू नकोस. कार्ब्युरेटर तीन, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला. एक्झॉस्ट डावीकडे. प्लगच्या तारा खऱ्या गाडीत सात मिलिमीटर, तुझ्याकडे ०.९. आणि त्या कशाही खोचू नकोस. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-५-३-६-२-४, आणि जॅग्वार पहिला सिलिंडर मागून मोजतं, रेडिएटरकडून नाही. बोल्टची डोकी षटकोनीच हवीत. पेचकसाची खाच असलेला स्क्रू एकही दिसला की डोळा तिथेच अडकतो, बाकीचं कितीही चांगलं असो.

रंग. तुला तो चमकदार निळा हवाय, ज्यात धातूचा चुरा असतो. चुऱ्याचे कण आठपट लहान होत नाहीत. खऱ्या गाडीवर चार मीटरवरून ते मऊ चमक देतात, मॉडेलवर वाळू ओतल्यासारखे दिसतात. साधा रंग घे, लाल, क्रीम किंवा ड्यूइसच्या गाडीचा गडद हिरवा, आणि डब्यातल्यापेक्षा किंचित फिका कर. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. दाराची फट रंगाआधी हवी त्याहून थोडी रुंद ठेव. दोन्ही बाजूंनी रंग चढला की ती बरोबर मापावर येते.

काम साच्यापासून सुरू कर, पण मला आधी जिग बघायचाय. झाला की फोटो पाठव, बरोबर वरून काढलेला. तिरका नको, तिरक्यात रिम लंबगोल दिसते आणि मला काही कळत नाही. सीटच्या कातड्याचं पुढच्या पत्रात लिहीन, ते किती पातळ तासायचं ते दाखवायला तुकडे कापून सोबत पाठवते.

तुझी,
आई