काडतुसं घरी भरायची तर काटा चांगला घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो, पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो. इथे आपल्यातले काही जण हल्ली नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलेत आणि वापरलेल्या पितळी केस (काडतुसाच्या रिकाम्या नळ्या) परत भरायच्या, म्हणजे रिलोडिंग करायचं, तर स्वस्तात काय सामान घ्यावं हे विचारतात, म्हणून लिहितोय. आधी एक सांगतो, एचवनबी व्हिसावर असाल तर शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडून बंदूक काय, काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्याने बंदी आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही. भारतात १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे काडतूस बनवायला लायसन्स लागतं, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे नुसतं माहिती म्हणून वाचा.

नवखा माणूस बघतो ते प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं यंत्र, हँडल मारलं की काडतूस बाहेर. ते नको. त्यात एकाच वेळी चार-पाच कामं चालू असतात आणि कुठे चुकलं ते नवख्याच्या लक्षातच येत नाही. साधा सिंगल स्टेज प्रेस घ्या, एका वेळी एकच काम करणारा, ली कंपनीचा ॲल्युमिनियमचा स्वस्तात मिळतो, नाहीतर आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर जुना बघा, बिडाचा आहे, दुसऱ्याने वीस वर्षं वापरलेला असला तरी चालतो. पिस्तुलाच्या सरळ केसला कार्बाइड डाय (केस दाबून मापात आणायचा साचा) घ्या म्हणजे तेल लावावं लागत नाही, रायफलच्या तोंडाशी निमुळत्या, मानेच्या केसला मात्र लावावंच लागतं, मी एकदा विसरलो तर केस डायमध्ये अशी रुतली की दुपार गेली.

पैसे वाचवायचे ते प्रेसवर वाचवा, वजनाच्या काट्यावर नाही. बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराची गुंज घ्या, तिच्याही निम्मा साधारण. मी आधी स्वस्तातला बॅटरीचा काटा घेतला होता, एका संध्याकाळी तेच वजन ठेवलं की दर वेळी आकडा थोडा वर सरकायचा, पंख्याचा वारा लागतोय की काय म्हणून पंखा बंद केला तरी तेच. त्या दिवशी भरलेली सगळी काडतुसं मी एकेक करून खोलली. आता दांडीचा काटा वापरतो आणि बसण्याआधी ठरलेल्या वजनाने तपासतो.

रिलोडिंगच्या मापांचं पुस्तक नवंच घ्या, दारूचं माप कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यायचं, मित्राने सांगितलेलं नाही. आणि दुसऱ्याचा उघडा दारूचा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका, आत लेबलवरचीच दारू आहे हे कोण सांगणार.

बऱ्याच पिस्तूल केसमध्ये चुकून दोनदा पडलेली दारूसुद्धा सहज मावते. म्हणून पन्नास केस लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या करायच्या, गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवायचं, एकीची जरी पातळी वर-खाली वाटली तरी ती रिकामी करून परत मोजायची.

आपला,
एक वाचक, टेक्सास