‘मर’ हे रोगाचे नाव नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंदापूर, बारामती, पुरंदर भागात डाळिंबाचे झाड एकेका फांदीने पिवळे पडून वाळू लागले की ‘मर आली’ म्हणतात आणि मिळेल ते बुरशीनाशक बुडख्यात ओततात. मर हे लक्षण आहे. त्यामागे बुरशी, सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म जंत), पिन होल बोरर (खोड पोखरणारा भुंगेरा) किंवा भारी जमिनीत साचलेले पाणी, काहीही असू शकते. बुरशीनाशकाने सूत्रकृमी आटोक्यात येत नाही, आणि मुळे पाण्याने कुजत असतील तर आळवणीने, म्हणजे बुडख्यात द्रावण ओतल्याने, ओल आणखी वाढते.

म्हणून आधी करवत घ्यावी. हाताबाहेर गेलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत आडवे कापावे. आतले लाकूड तपकिरी-काळपट, मधून बाहेर चांदणीसारखे फाकलेले दिसले तर सेरॅटोसिस्टिस बुरशीचा संशय घ्यावा. त्याची ढलपी गाजराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून, ओल्या कागदासह झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावी. साधारण आठवड्याने भिंगाखाली लांब मानेचे बारीक काळे ठिपके दिसले, तर संशय बळावतो. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आणि भुसा असेल तर भुंगेरा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. अनेकदा दोन कारणे एकाच झाडात सापडतात.

मातीचा नमुना पूर्ण वाळलेल्या झाडाखालचा कधीच घेऊ नये, तिथे जिवंत मुळे उरलेली नसतात. पिवळ्या पडू लागलेल्या झाडाच्या ठिबकच्या तोटीजवळून, १५ ते २० सेंमी खोलीवरची पाव किलो ओली माती बारीक मुळांसह पिशवीत घ्यावी आणि उन्हात न ठेवता कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात द्यावी. औषध अहवालानंतर.

मेलेले झाड बागेतून ओढत नेले की मुळांची माती ओळीभर सांडते. ते जागेवरच तुकडे करून, पोत्यात भरून बाहेर जाळावे. डाळिंबात टोमॅटो, वांगी, भेंडी घेऊ नये, ही पिके गाठीचे सूत्रकृमी पोसतात. झेंडू चालतो.

सर्वांत मोठा प्रसार मात्र रोपांतून होतो. रोगट बागेतल्या गुटी कलमाच्या (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपाच्या) पिशवीतून सूत्रकृमी नव्या शेतात पोचतो आणि दोन-तीन वर्षांनी, पहिला बहार (फळांचा हंगाम) धरताना, झाड खचते. कृषी विभागाने प्रत्येक रोपवाटिकेत लॉटमागे काही कलमांची मुळे धुऊन गाठी तपासाव्यात आणि तो दाखला पावतीसोबत द्यावा. तोवर शेतकऱ्यांनी गाडी भरण्यापूर्वी चार-पाच पिशव्या फोडून मुळे स्वतः पाहावीत.

— वनस्पतिरोग अभ्यासक, पुणे