गाडीचा भोंगा रात्रीच का ऐकू येतो

यावल,
मे अखेर

प्रिय सुन्या,

सुट्टीत गावी बसून करतोस काय, असं विचारलं होतंस. ऐकतो. हसू नको भो! वही घेऊन केळीच्या बांधावर बसतो आणि कानावर पडेल ते लिहितो. आवाज कसा आहे ते आधी, कशाचा आहे ते मागून.

कॅनडातले संगीतकार मरे शेफर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७०च्या दशकात व्हँकुव्हर शहर असंच कानांनी अभ्यासलं. मागे सतत चालणारे आवाज, लक्ष वेधणारे आवाज आणि त्या गावाची ओळख असलेले आवाज, अशी त्यांची वाटणी. पहिले पकडणं सगळ्यात अवघड. वाऱ्याने चिरलेली केळीची पानं दिवसभर सळसळतात, पण बागेतल्या मजुराला विचारलं तर म्हणतो, कुठे आवाज?

पूर्वी विहिरीवरच्या इंजिनाच्या टुकटुकीवरून कोणाचं पाणी चालू आहे ते घरबसल्या कळायचं. आता मोटर बोअरमध्ये पाण्याखाली. वर ऐकू येतो तो स्टार्टरचा खटका आणि हौदात पडणारं पाणी. मोटरांना लागणारी थ्री फेज वीज आली की शिवारभर ऑटो स्टार्टर एकामागून एक खटकतात. लाइट कधी आली, कधी गेली, हे मी आता त्यावरूनच टिपतो.

खरी गंमत भोंग्याची. भुसावळकडच्या गाडीचा भोंगा दुपारी येत नाही, रात्री स्पष्ट येतो. रात्री गावात सामसूम असते हे आहेच, पण तेवढंच नाही. दुपारी जमीन तापते, खालची हवा वरच्यापेक्षा गरम होते आणि आवाज वर वळून निघून जातो. रात्री जमीन निवते, खालची हवा गार, वरची उबदार. मग आवाज खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. आभाळ असलं की जमीन तेवढी निवत नाही, म्हणजे पावसाळ्यात भोंगा क्षीण व्हायला हवा. वाऱ्याची दिशाही लिहून ठेवतोय, कारण तीही घोळ घालते.

तूही तुझ्या पुण्याच्या गच्चीवर थोडा वेळ बस. मोबाइलवर रेकॉर्ड करू नको. मोबाइल सगळंच उचलतो, आपला कान काय काय गाळतो ते आपल्याला बघायचंय. यादी पाठव. हिवाळ्यात भरीत खायला आलास की दोन्ही वह्या घेऊन बसू. कळण्याची भाकरी आईकडून कबूल करून घेतली आहे.

तुझा,
रव्या