जामीन मिळाला होता, तरी गुन्हा कबूल

प्रिय सुमे,

दिवाळीतला तुझा फोन उचलला नाही, नंतर उलटून केलाही नाही, म्हणजे तू माझं नाव टाकलंच असशील. टाक, पण पत्र वाचून मग टाक. हे फोनवर बोलता आलं नसतं आणि आमच्या बार रूममध्ये तर मुळीच नाही. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, चष्म्याचा नंबर वाढला, बस.

तर गेल्या आठवड्यात माझ्या एका पक्षकाराने गुन्हा कबूल केला आणि सुटला. सगळे खूश. मी तेव्हापासून चिडलेली आहे, आणि नेमकी कुणावर तेच सापडत नाहीये.

पोरगा विशीतला, सेंट्रिंगच्या कामावरचा, दुसऱ्या जिल्ह्यातला. विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे सरकारी मोफत वकिलीतून आलेली केस. मोबाइल चोरीचे दोन गुन्हे, दोन वेगळी कोर्टं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षं. जामीन दोन्हीकडे पहिल्या महिन्यातच मिळाला होता, हे लक्षात ठेव. पंधरा हजारांचा, स्थानिक जामीनदारासह. आता याला इथे ओळखतं कोण? मुकादमाने फोन घेणं बंद केलं. भाऊ गावाहून सातबारा घेऊन आला, तर म्हणे जिल्ह्याबाहेरचा चालणार नाही. सुमे, १९७८! मोतीराम गवंडी होता, त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यरांनी त्यावरून केवढं झापलं होतं. सरांच्या ऑफिसात तू न्यायमूर्तींचा आवाज काढून तो निकाल वाचायचीस आणि सर केबिनमधून ओरडायचे. गवंड्याच्या जागी सेंट्रिंगवाला आला, एवढीच काय ती प्रगती.

तू म्हणशील, सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश दाखवायचा. दाखवला गं. जामीन होऊन सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार आला नाही तर अट सैल करायचा विचार कोर्टाने आपणहून करायचा, स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट नको. एका कोर्टाने लगेच जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्याच हमीवर सोडलं. दुसरीकडे अर्ज नुसता पडून. कधी सरकार पक्षाचं म्हणणं आलेलं नाही, कधी आरोपी हजर केला नाही, कधी साहेब रजेवर. त्यात तुरुंगाच्या यादीत त्याचं आडनाव एका केसला एक आणि दुसरीला भलतंच, त्यामुळे प्राधिकरणाच्या लेखी तो दोन माणसं होता. हसू नकोस. हसलीस ना?

मग वर्ष भरलं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आधी कधी शिक्षा न झालेला, एक तृतीयांश काळ आत काढलेला, अधीक्षकांनीच अर्ज करायचा. नव्या कायद्यांच्या प्रशिक्षणात हेच कलम सगळ्यांनी मिरवलं होतं. पण त्याच कलमाचं पोटकलम दोन वाच. एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर सोडायचं नाही. एकच मोबाइल चोरल्याचा आरोप असता तर वर्षाने बाहेर, दोन आहेत म्हणून आत. आणि एका पोरावर दोन गुन्हे उघडकीला आणायला किती मेहनत लागते, ते तुला काय सांगायचं.

बरं, केसमध्ये दम होता का? पंचनाम्याचा साक्षीदार, म्हणजे पंच कोण, तर स्टेशनसमोरचा झेरॉक्सवाला, जो मला निम्म्या पंचनाम्यांत भेटतो. फिर्यादीने चोराला पाहिलेलंच नाही. पंचनाम्यातला आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, आणि बिलावरचा आयएमईआय शेवटच्या आकड्याला फुटत होता. मला उलटतपास दिसत होता गं, प्रश्नासकट! तुरुंगातल्या व्हिडिओ कॉलवर त्याला म्हटलं, थोड्या तारखा थांब. पडद्यावर त्याचा अर्धाच चेहरा, मागे आपल्या पाळीची वाट बघणारी रांग, आवाज तुटक. तो म्हणाला, "ताई, जिंकून काय करू? कबूल केलं तर कधी सोडतील तेवढं सांगा."

सांगितलं. पुढचंही सांगितलं, की शिक्षेची नोंद लागेल आणि पुन्हा कुणी उचललं तर एक तृतीयांशची सवलत तुला मिळणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि परत तारीख विचारली.

कोर्टाने नीट विचारलं. दबाव आहे का? नाही. परिणाम कळतात का? कळतात. भोगला तेवढा कारावास हीच शिक्षा. दोन्ही कोर्टांत तेच. सरकारी वकील मला म्हणाले, "बरं झालं मॅडम, पोरगं सुटलं." मनापासून म्हणाले. म्हणजे बघ, जामीन दिलेला, वकील दिलेला, कबुली स्वेच्छेची, शिक्षा सौम्य. वरच्या कोर्टात न्यावं तर बोट ठेवायला जागाच नाही.

याच दरम्यान आमच्या वकील संघाने, बारने, फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा मागणारं निवेदन द्यायचं ठरवलं आणि मसुदा माझ्या गळ्यात मारला. बैठकीत पहिला मुद्दा निघाला पार्किंगचा. दुसरा एका ज्येष्ठांचा, की आपण आरोपींचे कैवारी दिसता कामा नये. बचावाची वकिली करून करून त्यांचे केस पिकलेत! मी गप्प बसले नाही, पुढचं तू ओळखशील. निवेदनात मी घातलंय की जामिनाचा वेगळा कायदा करा, जो सर्वोच्च न्यायालयानेच २०२२ मध्ये अंतिल प्रकरणात सुचवलाय, आणि ४७९ चं ते पोटकलम काढा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे (एनसीआरबी) २०२२ चे आकडेही घातलेत, देशात ५,७३,२२० कैदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले. पण माझा पोरगा कच्च्या कैद्यांतून कमी झालाय. तो आता शिक्षा झालेल्यांत, दोन निकाली प्रकरणांत. उद्या कच्च्या कैद्यांचा आकडा उतरला तर आम्ही हार घालणार, आणि त्यात असे किती असतील ते कुणी मोजणार नाही.

सरांकडे असताना आपण यावरूनच भांडलो होतो. तू म्हणायचीस, तुझ्या तत्त्वांसाठी पक्षकाराला आत ठेवू नकोस. नंतर किती दिवस बोललो नाही. (तेव्हा नेलेली माझी डायरी अजून तुझ्याकडेच आहे, तो मुद्दा वेगळा.) या वेळी मी तुझ्याच मताने वागले आणि तरी जीव थाऱ्यावर नाही. आता तू न्यायाधीशाच्या खुर्चीवर आहेस म्हणून विचारते. कबुली नोंदवताना तू आरोपीला विचारतेस का, की जामीन होऊन किती दिवस झाले, मग अजून आत का? आणि उत्तर आलं, "जामीनदार नाही", तर पेन खाली ठेवतेस का? ठेवलंस तर तो आतच राहतो, हेही कळतं मला. मला निवेदनात असं घालायचंय की कोठडीतल्या आरोपीची कबुली घेण्याआधी त्याच दिवशी जामिनाच्या अटीचा निकाल लावायचा, जातमुचलक्यावर सोडता येत असेल तर सोडायचं, आणि मग पुढच्या तारखेला मोकळ्या माणसाला विचारायचं. तुझ्या रोजच्या केसेसच्या बोर्डावर हे जमेल? की मी बाहेर बसून शहाणपणा करतेय? मसुदा पाठवत नाही, तुझ्या पदाला शोभायचं नाही. एवढंच सांग.

बदलीचं काय झालं? धाकटीची दहावी यंदा ना? आईंचा गुडघा कसा आहे, त्यांना नमस्कार सांग. उत्तर लिहूनच पाठव, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी,
मंदी